तेविसावा

आई मेयोत एक्स-रे काढायची.
दिवसभर लोकांची हाडं,
ड्युटी सुटली की आम्ही.
रशियन कॅमेरा, जुना घेतलेला, विटेएवढा जड.
बाबा म्हणाले होते, एवढ्यात सायकल आली असती.
आई म्हणाली, आली असती,
मग तिचा फोटो कशानं काढला असता?

तांडापेठेतल्या आमच्या खोलीत
उजेड यायचा पाहुण्यासारखा,
उंबऱ्याशी जरा थांबून.
तिथंच ती आम्हाला बसवायची,
वेणी घालायच्या आधी, शेंबूड पुसायच्या आधी.
"हासू नको. काय करून राहिली होती तेच कर."
ते कसं करतात?
तांदूळ निवडता निवडता मी विसरून जायची
तांदूळ कसे निवडायचे ते.
"हं. डोये इकडे नको."
खटॅक.
एवढा मोठा आवाज, की हेडाऊ काकू
भिंतीपलीकडून विचारायच्या,
काय पडलं वो?

महिन्याला एक रोल. छत्तीस.
सदतिसावा निघाला तर तो देवाचा.
धुणं रात्री, न्हाणीत,
दाराच्या फटींना गोधडी कोंबून.
मे महिन्यात नळाचं पाणीच चहासारखं,
आणि औषधाला पाहिजे वीस अंश.
गुणवंता रसवंतीवरून डब्यात बर्फ आणायचा,
अर्धा आम्ही गल्लीतच चोखून संपवायचो.
त्या उन्हाळ्यांचे फोटो म्हणून असे
भरडलेल्या ज्वारीसारखे, जाड दाण्यांचे.
त्यांच्या वाट्याचा गारवा
आमच्या पोटात गेला.

आई गेल्यावर तिची वही निघाली,
शंभर पानी, दवाखान्याच्या रजिस्टरसारखी आखलेली.
सात. गुणवंता, गोवर. दार अर्धं उघडं.
बारा. वनू रुसली. तोवर ऊन गेलं.
एकोणीस. हे, लुंगी वाळत घालताना. पाठमोरे. छान.
कुठंच आणखी काही नाही.
भाव नाही, हिशोब नाही, आम्ही गुणी होतो की नाही तेही नाही.
फक्त कोण, काय करत होतं,
आणि उजेड किती होता.

मिल बंद झाली त्या दिवसांतला एक रोल आहे.
बावीस : मी, सार्वजनिक नळावर, बादलीपेक्षा बुटकी.
चोवीस : मारबत पाहायला निघालो ते,
बाबांच्या खांद्यावर गुणवंता, त्याच्या हातात बाबांची टोपी.
मधला तेवीस कोराच.
पट्टी खिडकीशी धरली
तर त्यातून समोरची पाण्याची टाकी दिसते,
आजची, निळी.
लहानपणापासून आम्ही म्हणायचो, हा वाया गेला.

वहीत मात्र आहे.
तेवीस. हे, मागच्या पायरीवर.
डबा मांडीवर, उघडलेला नाही. रडत होते.
उजेड फार चांगला.
झाकण लावून दाबला.

हे वाचून मी बराच वेळ वही मिटली नाही.
न काढायचा, तर ठेवून द्यायचा कॅमेरा.
दाबला कशाला?
छत्तीसातला एक घालवला,
महिनाअखेरीला,
मिल बंद झाल्यावर.
मग आठवला तो आवाज.
हेडाऊ काकूंना भिंतीपलीकडे जायचा तो,
आणि पायरी तर हातभर अंतरावर.

परवा सगळे फोटो कॉम्प्युटरवर चढवले.
बाबांना दाखवले मोठे करून, एकेक.
त्यांना घाई नव्हती, पण थांबतही नव्हते कुठं.
मारबतीशी आले, मागे गेले,
बादलीशी आले, परत पुढे.
"सगळेच आहेत काय?"
म्हटलं, एक वाया गेला.
कूलरची घरघर मधे तेवढी.
"ऊन तर चांगलं होतं बे त्या दिवशी,"
बाबा म्हणाले,
आणि टाकीत पाणी किती उरलं ते पाहायला
भिंतीला धरून उठले.